दीपमालाच्या नावाचा वाटा

गुरुवार, २८ नोव्हेंबर

कामासोबत कंपनीनं खोली दाखवली एक अन् दिली दुसरी. दाखवली ती गेटजवळची, पत्रा नवा, नळ आत, खिडकीला जाळी. आज सुट्टी म्हणून टेम्पोत सामान घालून आलो, तर म्हणतात त्यात सिक्युरिटीवाले राहायला आले, तुमी मागच्या खोलीत जावा. मागची म्हणजे कंपनीच्या पार टोकाला, जनरेटरच्या पल्याड, जिथं मोडक्या खुर्च्या अन् रिकामी पिंपं टाकतात तिथं. नळ बाहेर. दाराची कडी आतून बसत न्हाई. मी उद्धवरावांना तोंडावर विचारलं, खोली हाय का लग्नातली साडी, वर चांगली अन् घडी मोडली की फाटकी? ते हसले. त्यांना हसायला पैसे मिळतात. कंपनीचं सगळं वरचं काम तेच बघतात, कँटीन, बाग, गाड्या, माणसं. लातूरकडचे हायेत. म्हणाले, बाई, आधी राहून तर बघाव, मंग भांडाव.

दीपमालानं माझा हात दाबला. ती माझी एकुलती एक. ह्याच कंपनीत वायरी बांधायच्या लाइनवर हाय, कंत्राटावर. ही वही तिनंच आणून दिली. म्हणाली, आई, तुझ्या तोंडानं आधीचं कँटीनचं काम गेलं, त्याच्या आधीची खोली गेली. आता जे बोलावंसं वाटतं ते ह्यात लिही. मी चौथी शिकलेय, अक्षर लावता येतं. तर लिहिते.

पण खरं सांगायचं तर संध्याकाळी बरं वाटलं. महाळुंग्याच्या त्या चाळीत भिंतीपल्याडचं माणूस खोकलं तरी आपल्या उशाला ऐकू यायचं. इथं दारासमोर बाभळी अन् सुबाभळी, मोकळं आभाळ. दीपमालानं पिंपं पालथी घालून बसायला केलं. चहा पिताना दोघी हसलो. लेकीच्या लाइनला अन् माझ्या खोलीला एकच गेट.

सोमवार, २ डिसेंबर

काम बागेचं म्हणून सांगितलं होतं. ते बागेचं न्हाई.

उद्धवरावांनी मला पुढच्या लॉनवर नेलं. नांगर घातल्यावाणी उकरलेलं. रानडुकरं. मागच्या नाल्यातनं भिंतीखालनं येतात, कँटीनचं खरकटं खातात अन् लॉन उलथं करतात. मालकांचे परदेशी पाव्हणे जानेवारीत येणार. बंदूक वाजवली तर गाव गोळा होईल. फॉरेस्टला कळवलं तर कागद फिरत बसतील. मंग म्हणाले, दुर्गाबाई, तुमची पोरगी कँटीनमध्ये सांगत होती, आमची आई लहानपणी पळता ससा तिरानं पाडायची.

माझ्या पोरीचं तोंडपण माझंच.

खरं हाय ते. आमी ठाकर, भीमाशंकरच्या अंगाचे. माझा बा मला कामठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, घेऊन संगं न्यायचा. भावांना नेम न्हाई, मला होता. लग्न झालं अन् कामठा सुटला. नंतर ते करणं गुन्हाच झाला, कितीक जणांना धरून नेलं. मी न्हाई म्हणाले. तोंडावर म्हणाले, गुन्हा तुमचा अन् हात माझे व्हय? उद्धवराव चिडले न्हाईत. हळूच म्हणाले, दीपमालाचं पर्मनंटचं नाव माझ्याच टेबलावरनं जातं.

मी व्हय म्हणाले. ते लिहायलापण नको वाटतं.

जागा हिंडून बघितली. डुकरांची वाट अगदी खोलीच्या मागनं. भिंतीपाशी घाणेरीच्या जाळीत एक दगड हाय, गुडघ्याएवढा, एका अंगाला कललेला. त्याच्यावर शेपूट कोरलेली, पाठीवरनं वर वळलेली. वाघोबा हाय. शेंदराचा टिपूस न्हाई. गाव उठलं, कंपनी आली, ह्याला कुणी नेला न्हाई वाटतं. मी पाला बाजूला केला अन् हात जोडले.

गुरुवार, ५ डिसेंबर

सांगवीला गेलो. उद्धवरावांच्या गाडीत पुढं बसले. धनुष्याचं दुकान, मागं नेम शिकवायचं मैदान. मला वाटलं, आपल्याला काय सांगायचं ह्यात. बांबू, वर ताणलेली दोरी, झालं.

नेहा म्हणून मुलगी होती, तीच शिकवते, तीच विकते. भिंतीवर काय एकेक प्रकार. एकाला दोन्ही टोकांना चाकं अन् तीन-तीन दोऱ्या, सायकल मोडून केल्यासारखं. ओढताना जड, शेवटी हलकं होतं म्हणे. मला ते पटलं न्हाई, बोट कुठं ठेवायचं तेच कळंना. मी साधं मागितलं. साधं म्हणजे तीन तुकड्यांचं, मधला दांडा अन् वरखाली दोन पाती, स्क्रूनं बसतात. नेहानं विचारलं, मावशी, ओढायला किती जड देऊ? मी म्हणाले, जड असेल ते द्या, आमची सवय हाय.

तिनं दिलं. मी ओढलं. दोरी छातीपर्यंतसुद्धा आली न्हाई. मागं शाळेतली पोरं उभी होती, त्यातली एक फिसकन हसली. उद्धवराव मोबाइलकडं बघत राहिले. मेल्यावाणी झालं मला.

नेहा हसली न्हाई. तिनं सगळ्यात हलकी पाती लावली, लहान पोरांची, अन् मागं उभी राहून माझा डावा खांदा खाली दाबला. म्हणाली, खांदा वर चढतोय मावशी, म्हणून ताकद वाया जाते. ती म्हणते ते बरोबर होतं. बाचंपण हेच म्हणणं असायचं, मी विसरले होते. हलक्यानं सुरवात करा, खांदा तयार झाला की पाती बदलून देते, म्हणाली. तीर माझ्या हाताच्या मापानं काढले, काळे, कार्बनचे, केसासारखे हलके. बोटांना चामड्याचा तुकडा अन् डाव्या हाताला बांधायची पट्टी दिली. दोरी सुटली की तिथं चाबूक बसतो.

मंग तिनं विचारलं, कुठल्या स्पर्धेत उतरणार? उद्धवराव म्हणाले, कामगारांच्या स्पर्धा हायेत, आमच्या कंपनीच्या खेळाडू हायेत ह्या. पोरगी काय खूश झाली. म्हणाली, ह्या वयात! माझ्या आईला दाखवते तुमचा फोटो. काढलापण. मी त्यात कशी उभी असेन देव जाणे. टोकाला पातं असलेले तीर तिला विचारले. म्हणाली, खेळात ते लागत न्हाईत. अन् माझ्याकडं बघितलं. मी तिच्या चपलांकडं बघत राहिले.

गुरुवार, १९ डिसेंबर

चिंध्या भरलेलं पोतं बाभळीला टांगलंय. सकाळी दीपमाला पयल्या शिफ्टला गेली की सोडत बसते. पयले आठ दिवस तीर भिंतीला, नाल्यात, कुठंपण. एक तर जनरेटरच्या जाळीत. पट्टी बांधायचा कंटाळा केला तर डाव्या हातावर दोरीचा वळ उठला, जांभळा. तीन बोटांना फोड. रात्री भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं.

नेहाकडनं पाती बदलून आणली, जरा जड. परत तिनं स्पर्धेची तारीख विचारली, आता मीपण खोटं बोलले. टूलरूममध्ये हॅक्सॉचं ब्लेड घासून तिरांच्या टोकाला लावायची पाती करून घेतली.

अन् आता लागायला लागलंय. तीर सुटला की आधीच कळतं कुठं जाणार. दीपमाला काल पोत्याला शिवून बघत म्हणाली, आई, तू अशी उभी राहिलीस की वेगळीच दिसतेस. माझ्याही हातात दे की. मी दिलं न्हाई. म्हणाले, तुझे हात पर्मनंट व्हायचेत, फोड नको त्यांना. तिला मी डुकरांचं सांगितलंय. तिला न्हाई आवडलेलं.

लाज वाटते ती ह्याची, की मला आवडतंय.

गुरुवार, २ जानेवारी

पडली.

सुट्टीचा दिवस, कंपनीत कोण न्हाई. उजाडता उजाडता घाणेरीआड बसले. उद्धवराव मागं, हातात मोबाइल, सारखं कुजबुजत, आली का, आली का. त्या माणसाला गप बसता येत न्हाई. भिंतीखालनं एक जड जनावर निघालं, माझ्यापुढं आडवं उभं राहिलं. मी बघायला पायजे होतं. बानं शिकवलेलं, आधी पोटाखाली बघायचं. पण मागनं ह्यांची घाई, सोडा सोडा, अन् माझे हातपण घाईला आलेले. सोडला. बरगडीमागं गेला. ती दगडापर्यंत पळाली अन् तिथंच बसली.

जवळ गेले तर मादी. थानं भरलेली. दूध येत होतं. जाळीत पिलं ओरडत होती.

असली मारत न्हाईत आमच्यात. चुकून पडली तर घरात शिजवत न्हाईत, दुसऱ्या दिवशी शिकारीला जात न्हाईत. उद्धवरावांना सांगितलं तर म्हणाले, डुक्कर ते डुक्कर. दोन माणसं बोलावली, तिथंच कापलं, मालकांच्या बंगल्यावर जायला गाडीत घातलं. एक पिशवी त्यांच्यापण घरी.

मी काळीज तेवढं मागून घेतलं. आमच्यात पयला वाटा वाघोबाचा. काळजाचा तुकडा पळसाच्या पानावर ठेवायचा अन् तीर कुणाचा ते मोठ्यानं सांगायचं. ज्याचं नाव घ्याल ते वाघोबा धरून ठेवतो, पुढला वाटा त्याच हातून मागतो. बा कौतुकानं म्हणायचा, दुर्गीचा तीर. मला तेव्हा लाज वाटत नसे.

आज पान ठेवलं, तोंड उघडलं, अन् माझं नाव निघंना. ते दूध अजून दगडावर ओलं होतं. ह्या मारण्याला माझं नाव लावायचं? भुकेला मारली न्हाई, लॉनसाठी मारली. जिच्यासाठी केलं तिचं नाव आलं तोंडात. म्हणाले, दीपमालाचा तीर.

झालं, म्हटलं एकदाचं. घरी येऊन डोक्यावरनं पाणी घेतलं.

शनिवार, ४ जानेवारी

पान सकाळी खोलीच्या उंबऱ्यावर होतं. रिकामं, चाटून पुसून, रक्ताचा डाग न्हाई. कुत्र्यानं आणलं असेल. पण कंपनीची कुत्री कालपासनं मागच्या बाजूला येत न्हाईत, खरकटं टाकलं तरी.

दीपमालाच्या तीन बोटांना फोड आलेत. उजव्या हाताच्या. म्हणते वायरीनं आले. वायरी ती दोन वर्षं बांधते.

गुरुवार, ९ जानेवारी

हे कसं लिहू कळत न्हाई. झालं तसं लिहिते.

सकाळी भाकरी करताना दीपमालाची बाही वर गेली. डाव्या हातावर, आतल्या अंगाला, जांभळा वळ. मी हात धरला. म्हटलं, माझ्या माघारी धनुष्य ओढतेस? ती रडायला आली. म्हणाली, मी शिवलेपण न्हाई आई, तूच सकाळी सोडत होतीस. मी तेव्हा झोपले होते, हात भाजल्यासारखा झाला अन् जाग आली.

सोडत होते, खरं हाय. डुकरं अजून हायेत, उद्धवराव म्हणाले सराव ठेवा. अन् मी आज पट्टी बांधली नव्हती. माझा हात बघितला. साफ. फोडपण गेलेले, तान्ह्या पोराच्या हातावाणी.

मला खोटं सहन होत न्हाई, मंग कुणाचंपण असो. तिला खोलीत बसवलं, दार लोटलं, बाहेर आले. ऊन चांगलं वर आलेलं. पट्टी न बांधता धनुष्य ओढलं अन् मुद्दाम हात वाकडा धरून सोडलं. दोरी फाटकन माझ्या हातावर बसली. मला काय लागलं न्हाई. वाऱ्यासारखी गेली.

आतनं दीपमाला ओरडली.

खरं-खोटं करायला मी परत एकदा सोडला. परत कशाला सोडला, मला विचारू नका. आत गेले तर वळावर वळ उठलेला, कातडी फाटलेली. तिनं मला विचारलं न्हाई काय केलंस म्हणून.

मंगळवार, १४ जानेवारी

सुमनताई तिळगूळ घेऊन आली. ती महाळुंग्याचीच, कँटीनमध्ये भांडी घासते, ही जागा तिच्या सासऱ्याची होती म्हणे. दीपमालाकडं बघून दारातच थांबली. तिळगूळ उंबऱ्यावर ठेवला. मला बाजूला नेऊन म्हणाली, बाई, त्या दगडाला काय दिलंस का तू? गावचे सगळे देव आमी वाजतगाजत नवीन देवळात नेले, त्याला ठेवला. तो एकदा नाव ऐकलं की मागं लागतो. माझ्या चुलतसासऱ्याच्या लागला होता. पुढं काय झालं विचारलं तर म्हणाली, सणाचं नको. गेली.

लाइनवरपण बोलायला लागलेत. दीपमालाच्या शेजारच्या पोरींनी खुर्च्या सरकवल्या. म्हणतात तिच्या मागं कोण तरी उभं राहून श्वास घेतं. ती स्वतः म्हणते, व्हय, घेतं. गरम लागतो मानेला. काम करत राहायचं.

नाव मी घातलं हे तिला अजून सांगितलं न्हाई. दहादा तोंड उघडलं. जगाला तोंडावर बोलणारी मी.

गुरुवार, १६ जानेवारी

म्हटलं, इथनं जायचं. सामान मरू दे. रिक्षा गेटवर बोलावली. गेटच्या रुळापाशी दीपमालाचा पाय उचलंना. सिक्युरिटीवाले हसले, मी ओढलं, ती रस्त्यावर बसली, नाकातनं रक्त. आत घेतलं तर बरी झाली. रिक्षावाला शिव्या देऊन गेला.

दुपारी चाकणहून बकऱ्याचं काळीज आणलं. दगडापुढं पान मांडलं, मोठ्यानं म्हणाले, दुर्गीचा तीर, पयलापण दुर्गीचाच, मी खोटं बोलले. दिवस मावळेपर्यंत बसले. पान तसंच. माशी बसली न्हाई. मुंगी आली न्हाई. मला तो ओळखत न्हाई.

परत आले अन् तिला सांगितलं. सगळं. ती म्हणाली, मला माहीत होतं आई. तो सांगतो.

रविवार, १९ जानेवारी

गावी जाऊन आले. खंडूमामा, बाचा मावसभाऊ, आता तोच एक जुना. अंगणात बसून सगळं ऐकलं. शेवटी मी सांगितलं, मादी होती, थानं भरलेली, तेव्हा त्यानं मान खाली घातली. मोठ्या माणसानं माझ्यापुढं मान खाली घातली.

म्हणाला, पयला वाटा जसला दिला तसलाच तो पुढं मागणार. आईचं काळीज खाल्लंय त्यानं. पोरीच्या हातून आईचंच मागंल. तुझी पोर तुला मारंल दुर्गे, तिला नको असलं तरी.

विचारलं, उपाय. म्हणाला, नाव हलतं. पण जिच्यावर घातलंस तिला काढता येत न्हाई अन् तुला घेता येत न्हाई, तू लपलीस. ज्यानं मारायला लावलं अन् ज्यानं खाल्लं, त्यानं दगडापुढं उभं राहून म्हणायचं, ही शिकार माझी. नुसतं म्हणायचं. त्याच्यावर मंग काय येईल ते येईल. धनुष्य मोडावं का विचारलं, तर म्हणाला, मोडून बघ, पण पोरीकडं लक्ष ठेव.

मंगळवार, २१ जानेवारी

धनुष्य उलगडलं. पाती काढली, एक चुलीत घातलं. दीपमाला आत लोळायला लागली, दंडावर कातडी सुटली. पातं ओढून बाहेर काढलं. पात्याला नुसता काळा डाग. पाती पिंपात लपवली, मधला दांडा नाल्यात टाकला.

उद्धवरावांच्या केबिनला गेले. सांगितलं, या अन् एक वाक्य म्हणा. ते आधी हसले. मंग म्हणाले, काय बोलायलाव बाई, शिकार कसली, इथं काय शिकार झालीच न्हाई. टेबलातनं पाकीट काढून दिलं. दीपमालाची पर्मनंटची ऑर्डर. म्हणाले, आता तोंड बंद.

मी घेतली. तिथंच फाडायला पायजे होती. घेतली, अन् सवयीनं थँक्यू म्हणाले.

गुरुवार, २३ जानेवारी

दांडा परत दारामागं. ओला, नाल्याचा वास.

दीपमाला कामाला गेली न्हाई. दगडापाशी बसते. पिलं तिच्या पायात येऊन झोपतात, मला बघून पळतात. एक एक कमी होतंय. विचारलं न्हाई.

जेवण करत न्हाई. माझ्या छातीकडं बघते, मंग तोंड फिरवते. म्हणाली, आई तू लांब झोप. मला बांध.

बांधली. साडीनं, खाटेला. स्वतःच्या पोरीला.

शुक्रवार, २४ जानेवारी

दुपारी साडी सुटलेली. गाठ तशीच, ती न्हाई. दाराबाहेर बसून धनुष्य जोडत होती — पाती बरोबर बसवली, स्क्रू — तिला कुणी शिकवलं न्हाई. मी कधी शिकवलं न्हाई. डावा खांदा खाली, अगदी नेहा म्हणते तसा. माझ्यापेक्षा चांगला.

बाभळीचं पोतं — एकच तीर. मधोमध.

रडत होती. हात तिचे हलत न्हाईत, डोळ्यांतनं नुसतं पाणी. म्हणते पळ. मी गेटबाहेर जाऊ शकते. म्हणते जा ना आई. गेले तर वाघोबा तिलाच — मामानं सांगितलं न्हाई पण मला कळतं. अन् कुठं जाऊ. तिला इथं टाकून कोणत्या तोंडानं —

सुमनताईला हाक मारली. ती कँटीनच्या दारात उभी राहिली. आली न्हाई. तिचं चूक न्हाई.

शनिवार, २५ जानेवारी

उद्धवराव, हे पान तुमच्यासाठी. फाडून तुमच्या केबिनच्या दारात सरकवणार हाय. आजवर ह्या वहीत शिव्या लिहिल्या, तुमाला एकपण दाखवली न्हाई. आता शिवी न्हाई.

पर्मनंटची ऑर्डर सोबत ठेवतेय. नको.

मला मरायचं भ्या न्हाई. तिच्या हातनं मेले तर ती जन्मभर — तिला ते नको. माझी चूक तिनं का — तुमालापण लेक हाय, विजयश्री, दहावीला हाय म्हणालात, गाडीत सांगवीला जाताना. पिशवी घरी नेलीत ना तुमी. तिनंपण खाल्लं असंल.

मी पोलिसांत जात न्हाई. फॉरेस्टला सांगत न्हाई, पयली मीच जाईन आत. तुमच्याकडनं एक वाक्य पायजे. दगडापुढं. ही शिकार माझी. मी लाजले म्हणून हे झालं, लाजंनं मी पोरीचं नाव — तुमी लाजू नका. कोण बघत न्हाई तिथं.

उद्या सव्वीस. झेंड्याला तुमी येणार, मालक येणार, सगळे. मी मागंच हाय.

बाहेर दोरीचा आवाज झाला. लावली तिनं. ती दारात हाय, ऊन मागं हाय म्हणून तोंड दिसत न्हाई. आई म्हणते. नुसतं आई, आई. मी तिला म्हटलं थांब बाळा, एवढं लिहून होऊ दे, उद्यापर्यंत थांब, तिची मान हलली — खांदा खाली आला, हात मागं —

उद्धवराव, उद्या झेंडा चढायच्या आत मला उत्तर पायजे. व्हय का न्हाई ते एकदा सांगा, दगडापाशी येताय का तु